गायीचं बीज एकटं पिकत नाही

मृगाचा पाऊस पडून जातो, बांधावर हिरवं दिसायला लागतं आणि सोलापूर जिल्ह्यातल्या गोठ्यांमधून एकच तक्रार कानावर येऊ लागते. गाय माजावर येते, सोट (माजातला चिकट स्राव) स्वच्छ टाकते, वेळेवर भरवली जाते आणि २१ दिवसांनी पुन्हा उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते. "डॉक्टर, आता कांडी बदलून बघायची का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. कांडी म्हणजे गाय भरवायला वापरतात ती वळूच्या वीर्याची नळी.

बातम्यांतही चर्चा असते ती बहुतेक कांडीचीच. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी तंत्राचं सेक्स्ड सीमेन, म्हणजे बहुतेक वेळा कालवडच होईल असं वीर्य, उपलब्ध झालं. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून गायी-म्हशींच्या आयव्हीएफला बळ दिलं जातंय. आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर फलन करून तयार भ्रूण दुसऱ्या गायीच्या गर्भाशयात सोडणं. गाभण राहिल्याची खात्री झाली की त्यामागे ५,००० रुपये अनुदानही ठेवलेलं आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनला बाएफ या संस्थेच्या केंद्रात या तंत्रावर काम चालतं. त्यामुळे ज्यांच्याकडे दोन-चार गायी आहेत, तेही आता 'टेस्ट ट्यूब कालवडी'बद्दल विचारू लागलेत.

या सगळ्या बोलण्यात वळू असतो, कांडी असते, दुधाचं लिटर असतं. गायीचं बीज, म्हणजे तिच्या अंडाशयातलं अंडं, क्वचित असतं. आणि त्या बीजाला चारी बाजूंनी बिलगून बसलेल्या पेशींचं तर नावच निघत नाही. त्यांच्यावाचून बीज नीट पिकत नाही आणि नीट फळतही नाही. गाय उलटण्याचं कारण शोधताना आपण या पेशींपर्यंत पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

## बीजाच्या भोवती कोण असतं

कालवड जन्मते तेव्हाच तिच्या दोन अंडाशयांत मिळून लाखाच्या घरात बीजं असतात. त्यातली फारच थोडी पुढे उपयोगी येतात. एखादं बीज वाढीला लागलं की त्याच्याभोवती पेशींचे थर चढतात, पुढे त्या थरांमध्ये पाणी साठतं आणि फुगीर पुटी तयार होते. तिला फॉलिकल म्हणतात. डॉक्टर हात घालून अंडाशय चाचपतात तेव्हा बोटाला लागते ती हीच. माजाच्या वेळी ती दीड ते दोन सेंटिमीटरची झालेली असते.

या फॉलिकलच्या आत, भिंतीला धरून, पेशींचा एक पुंजका असतो आणि पुंजक्याच्या मधोमध बीज. बीजाचा व्यास साधारण ०.१२ मिलिमीटर, म्हणजे तीक्ष्ण नजरेला जेमतेम ठिपका दिसेल एवढा. त्याच्यावर जाड, पारदर्शक कवच आणि कवचाबाहेर अनेक थरांत दाटीवाटीनं बसलेल्या पेशी. शास्त्रात त्यांना क्युम्युलस पेशी म्हणतात. इथून पुढे मी त्यांना सोबतपेशी म्हणेन.

मध्ये कवच असलं तरी या पेशी बीजापासून तुटलेल्या नसतात. सगळ्यात आतल्या थरातल्या पेशींमधून अतिशय बारीक तंतू निघतात, कवचातून आरपार जातात आणि बीजाच्या अंगाला टेकतात. जिथे टेकतात तिथे दोन्ही पेशींना जोडणारी सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून लहान रेणू इकडून तिकडे जातात, प्रथिनांसारखे मोठे रेणू जाऊ शकत नाहीत. बीज आणि सोबतपेशी यांचा बराचसा व्यवहार या छिद्रांमधून चालतो.

## खाणं कोण देतं

शरीरातल्या बहुतेक पेशी ग्लुकोज घेतात आणि त्यातून ऊर्जा काढतात. बीजाला हे फारसं जमत नाही. ग्लुकोज फोडायची त्याची ताकद अगदी कमी असते. तान्ह्या बाळापुढे ज्वारीची कडक भाकरी ठेवली तर त्याला तिचा काय उपयोग? ती भाकरी आई खाते आणि बाळाला दूध मिळतं. इथे तसंच आहे. सोबतपेशी ग्लुकोज घेतात, ते फोडून पायरुव्हेट नावाचा सोपा पदार्थ तयार करतात, तो बीजाकडे जातो आणि बीज त्याच्यावर चालतं. काही अमिनो आम्लंही बीजाला स्वतः नीट ओढून घेता येत नाहीत, तीही या पेशींमार्फत पोचतात.

यातून गोठ्यासाठी एक सरळ गोष्ट निघते. आईचीच उपासमार झाली तर बाळाला दूध कुठून येणार? गायीच्या रक्तात ग्लुकोज कमी असेल तर त्याचा फटका आधी सोबतपेशींना बसतो आणि त्यांच्याकडून बीजाला.

## बीज कधी पिकायचं हे कोण ठरवतं

हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो.

फलन होण्याआधी बीजाला आपली गुणसूत्रं निम्मी करावी लागतात, कारण उरलेली निम्मी वळूकडून येणार असतात. हे काम कालवड स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि मध्येच थांबतं. थांबलेलं काम वर्षानुवर्षं तसंच राहतं. ते थांबवून धरण्यात सोबतपेशींचा मोठा वाटा असतो. त्यांच्याकडून एक छोटा रेणू त्या छिद्रांमधून सतत बीजात येत राहतो आणि तो येत असेपर्यंत बीज पुढे सरकत नाही.

१९३५ मध्ये ग्रेगरी पिंकस आणि एन्झमन यांनी सशाची बीजं फॉलिकलमधून बाहेर काढली, तेव्हा ती कुठल्याही हार्मोनशिवाय आपोआप पुढे सरकू लागली. रोखणारं काहीतरी फॉलिकलमध्ये असतं हे तिथे दिसलं. नेमकं काय रोखतं याचा उलगडा व्हायला पुढची कित्येक दशकं गेली.

आता माजाकडे येऊ. गाय माजावर येते त्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एलएच या हार्मोनची मोठी लाट रक्तात येते. आपल्याला वाटेल की ही लाट बीजाला जागं करते. बीजाला ती थेट कळतच नाही! एलएच ओळखतात त्या फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशी. त्या दुसरे संदेशरेणू सोडतात, ते सोबतपेशींपर्यंत पोचतात, सोबतपेशी बीजाकडचा व्यवहार आवरता घेतात, रोखणाऱ्या रेणूचा पुरवठा तुटतो, आणि मग बीज थांबलेलं काम हाती घेतं.

त्याच वेळी सोबतपेशी आणखी एक काम करतात. त्या हायल्युरोनिक आम्ल नावाचा चिकट पदार्थ भरपूर बनवतात. आपल्या गुडघ्याच्या सांध्यातल्या वंगणात असतो तोच हा पदार्थ. तो पेशींच्या मधल्या जागेत भरतो आणि दाट बसलेल्या पेशी एकमेकींपासून लांब जातात. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन दिवस ओळीनं पाहिलं की कायमचं लक्षात राहतं. पहिल्या दिवशी बीजाभोवती घट्ट, गडद पुंजका असतो आणि प्रत्येक पेशी शेजारणीला चिकटलेली असते. २४ तासांनी तोच पुंजका कितीतरी पट पसरलेला, आरपार उजेड जाणारा दिसतो, पेशी सुट्या सुट्या तरंगताना दिसतात आणि पिपेट लावली की सगळा गोळा चिकटून तारेसारखा ओढला जातो.

## सकाळी माज, संध्याकाळी कांडी

माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम गोठ्यात सगळ्यांना पाठ असतो. त्यामागचं कारण मात्र फारसं सांगितलं जात नाही. माज सुरू झाल्यापासून बीज फॉलिकलबाहेर पडायला साधारण २४ ते ३२ तास लागतात. सोबतपेशींना पसरायला आणि बीजाला पिकायला लागणारा वेळ तो हाच. प्रयोगशाळेतही गायीचं बीज ३८.५ अंश सेल्सिअसला, म्हणजे गायीच्या अंगाच्या तापमानाला, २२ ते २४ तास ठेवावं लागतं.

बाहेर पडलेलं बीज जेमतेम ८ ते १२ तास चांगलं राहतं. शुक्राणू गायीच्या शरीरात साधारण एक दिवस टिकतात, पण तिथे तयार व्हायला त्यांना काही तास लागतात. म्हणून माज दिसल्याबरोबर लगेच कांडी भरली तर बीज यायच्या आधीच शुक्राणू थकतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळलो तर बीज शिळं होतं. रात्री दहाला गोठ्यात एक चक्कर मारून गाय उड्या घेते का, दुसऱ्या गायीला चढू देते का हे पाहणं, हा कांडी बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

## फलनात या पेशींचं काय काम

फॉलिकल फुटतो तेव्हा बाहेर पडतो तो बीजासह हा सगळा चिकट गोळा. अंडवाहिनीच्या तोंडाशी झालर असते, तिच्यावरच्या सूक्ष्म केसांना गोळा चिकटतो आणि आत ओढला जातो. चिकटपणा नसता तर बीज तिथे पोचण्याची खात्री राहिली नसती.

पुढे शुक्राणूंना या गोळ्यातून वाट काढावी लागते. जे शुक्राणू पुरते तयार झालेले नाहीत ते सहसा बाहेरच अडकतात. सोबतपेशी शुक्राणूंना बीजाजवळ धरूनही ठेवतात, आणि बीजाचं कवच वेळेआधी कडक होऊ देत नाहीत. कवच कडक झालं तर चांगला शुक्राणूही आत शिरू शकत नाही.

शुक्राणू आत शिरल्यानंतरचीही एक गोष्ट आहे. त्याच्या डोक्यात वळूची गुणसूत्रं फार घट्ट बांधलेली असतात. ती सुटी करायला बीजात ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ पुरेसा साठलेला असावा लागतो. तो साठा पिकण्याच्या काळात होतो, आणि त्यासाठीचा कच्चा माल मिळवून देण्यात सोबतपेशींचा हात असतो. म्हणजे या पेशींनी आदल्या दिवशी केलेलं काम फलन झाल्यावर उपयोगी पडतं.

## "पण बीज तर त्यांच्याशिवायही पिकतं ना?"

हा आक्षेप रास्त आहे, कारण पिंकस यांच्या प्रयोगात बीज आपोआप पुढे सरकलंच होतं. सोबतपेशी पूर्ण काढून टाकलेली गायीची बीजं प्रयोगशाळेत ठेवली तर त्यातल्या बऱ्याच बीजांमध्ये गुणसूत्रं निम्मी होतात. वरून पाहणाऱ्याला बीज पिकलं असंच वाटेल. पण फलनाचं प्रमाण घसरतं, आणि फलन झालं तरी सातव्या दिवसाच्या भ्रूणापर्यंत पोचणारी बीजं फारच कमी उरतात.

कारण पिकणं दोन ठिकाणी व्हावं लागतं, गुणसूत्रं असतात त्या केंद्रकात आणि त्याभोवतीच्या बाकीच्या गाभ्यात. केंद्रकाचं काम एकट्यानं उरकतं. गाभ्यात ऊर्जा, ग्लुटाथायोन आणि पहिल्या काही दिवसांना पुरेल अशी शिदोरी भरावी लागते, आणि ती सोबतपेशींशिवाय भरत नाही.

"मग माणसांच्या आयव्हीएफमध्ये या पेशी काढून, सुईनं शुक्राणू आत सोडतात ते कसं?" असंही कोणी विचारेल. तिथे बीज बहुतेक वेळा स्त्रीच्या शरीरातच पिकलेलं असतं. सोबतपेशींचं मुख्य काम उरकल्यावर त्या काढल्या जातात, आणि शुक्राणूला वाट काढायचीही गरज राहत नाही.

## फर्मान बीजाकडूनही निघतं

आतापर्यंत वाचून बीज म्हणजे नुसतं आयतं खाणारं आहे असं वाटलं असेल तर ते चूक ठरेल. सोबतपेशींनी कसं वागायचं हे बीज त्यांना सांगत असतं. ते जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ अशी दोन प्रथिनं सोडतं. ग्लुकोज फोडणं, चिकट पदार्थ बनवणं, ही कामं सोबतपेशी या प्रथिनांच्या सांगण्यावरून करतात.

या संवादात जराशी ढवळाढवळ झाली तर काय होतं, हे आपल्या शेजारी फलटणला बघायला मिळतं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला एक जनुकबदल आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. हा बदल असलेलं प्रथिन बीजाभोवतालच्या पेशींवर असतं आणि तिथे आलेले संदेश टिपतं. बदलामुळे फॉलिकल लहान असतानाच तयार होतात, एकाऐवजी दोन बीजं सुटण्याचं प्रमाण वाढतं, आणि एरवी एकच कोकरू देणारी दख्खनी मेंढी बऱ्याचदा जुळी देते. सांगोला, माणदेश भागातल्या मेंढपाळांसाठी ही काही लहान गोष्ट नाही.

## "एवढं सगळं करूनही शंभर बीजांतून भ्रूणं तीस-चाळीसच का?"

१९८१ साली अमेरिकेत पहिलं आयव्हीएफ वासरू जन्मलं तेव्हा बीज गायीच्या शरीरात पिकलेलं होतं, फक्त फलन बाहेर केलं होतं. पिकवण्यापासून सगळं काम बाहेर करून वासरू मिळवायला आणखी काही वर्षं लागली. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० मध्ये 'प्रथम' नावाचं रेडकू झालं, जगातलं पहिलं आयव्हीएफ रेडकू.

आजही बाहेर पिकवलेल्या १०० बीजांतली ८० ते ९० पिकलेली दिसतात, पण सातव्या दिवसाचं भ्रूण ३० ते ४० बीजांचंच होतं. मोठं कारण असं, की सुईनं काढलेली बीजं बहुधा २ ते ८ मिलिमीटरच्या फॉलिकलमधली असतात. त्यांची तयारी अजून चालू असते. बाहेर काढल्याबरोबर रोखणारा रेणू कमी होतो आणि बीज घाईनं पुढे सरकतं, सोबतपेशींना शिदोरी भरायला वेळच मिळत नाही. म्हणून काही प्रयोगशाळा आधी काही तास बीजाला मुद्दाम थोपवून धरतात. काही जण बीजं काढण्याआधी गायीला एफएसएच हार्मोन देऊन फॉलिकल वाढवून घेतात. शरीरात पुरती पिकलेली बीजं घेतली तर निकाल नक्कीच सुधारतो.

बीजं काढताना गायीला त्रास होतो का? शेपटीच्या मुळाशी भूल देऊन, सोनोग्राफीवर बघत, योनीमार्गातून सुई घालतात. सराईत हात असेल तर गाय फारशी विचलित होत नाही. पण अननुभवी माणसाला पुन्हा पुन्हा सुई घालू देऊ नये, हे मालकानं ठामपणे सांगितलं पाहिजे.

## मे महिन्याचं ऊन जुलैत का भोवतं

सोलापूरचा पारा मे महिन्यात ४२ अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली बांधलेली संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते आणि तिच्या अंगाचं तापमान ४० च्या पुढे सरकतं. प्रयोगशाळेत पिकणाऱ्या बीजाला काही तास ४१ अंशांत ठेवलं तरी भ्रूणांचं प्रमाण घटतं. ज्या सोबतपेशींनी राखण करायची, त्यांनाच ताप बाधतो.

फॉलिकल वाढायला तीनेक महिने लागतात आणि त्यात पाणी साठल्यापासूनचा काळच साधारण ४० दिवसांचा असतो. म्हणजे जुलैत सुटणारं बीज आणि त्याच्या सोबतपेशी मे-जूनच्या उन्हात वाढलेल्या असतात. पाऊस पडला, गाय ताजीतवानी दिसली, तरी आत अजून उन्हाळ्यातलाच माल असतो. अशा वेळी कांडीला दोष देऊन काही हाती लागत नाही. छपरावर उसाचं पाचट, दुपारी अंगावर पाणी आणि पुढे चोवीस तास थंड पाण्याची टाकी, हे एप्रिलमध्ये केलेलं काम जुलैत उपयोगी येतं.

व्यायल्यानंतरची उपासमारही अशीच मागाहून दिसते. दूध भरपूर जातं, खाणं तेवढं वाढत नाही, मग गाय अंगावरची चरबी जाळते. ती चरबी रक्तातून फॉलिकलच्या पाण्यात उतरते. सोबतपेशी ती स्वतःत थेंबाथेंबानं साठवून बीजाला वाचवतात, पण त्यालाही मर्यादा आहे. आपल्याकडे हंगामात नुसत्या उसाच्या वाढ्यावर गायी ठेवायची सवय आहे. वाढ्यानं पोट भरतं, पण ऊर्जा आणि प्रथिनं कमी पडतात, आणि वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमही अडकवून ठेवतं. व्यायलेल्या गायीला वाढ्यासोबत कडबा, पेंड, मका आणि खनिज मिश्रण हवंच.

## खिलार आणि पंढरपुरी

देशी वशिंडाच्या गायींच्या पेशी आणि भ्रूणं विलायती जातींपेक्षा ताप जास्त सोसतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या संशोधनात दिसलं आहे. खिलार वशिंडाचीच आहे. पंढरपुरी म्हशीचं गणित वेगळं. म्हशींच्या अंडाशयात गायींपेक्षा फॉलिकल कमी असतात, एका खेपेला बीजं थोडी मिळतात, त्यामुळे प्रत्येक बीज आणि त्याच्या सोबतपेशी जपाव्या लागतात.

कोणी तुमच्या चांगल्या खिलार गायीची किंवा पंढरपुरी म्हशीची बीजं काढायला आलं तर तीन गोष्टी विचारा. बीजं कोणत्या महिन्यात काढणार? उन्हाळा आणि त्यानंतरचे दोन महिने शक्यतो टाळायला सांगा. जनावर व्याल्याला किती दिवस झाले आणि ते अंगानं भरलंय की खंगलंय, हे पाहणार का? आणि काढलेल्या बीजांपैकी किती बीजांभोवती तीन किंवा जास्त थरांच्या घट्ट, अखंड सोबतपेशी होत्या, हा आकडा लेखी देणार का? प्रयोगशाळेत बीजांची प्रतवारी याच खुणेवर होते, त्यामुळे तो आकडा त्यांच्याकडे असतोच.